धुण्याचा दगड, भिवपुरीची वीज आणि मशीनची जाळी



आपल्या गटांच्या कर्जाच्या वहीत पूर्वी ठरलेल्या ओळी असायच्या. शिलाई मशीन, शेळ्या, मुलांची फी, दवाखाना. आता त्यात आणखी एक ओळ दिसू लागली आहे, कपडे धुण्याचं मशीन. ती वाचून दाखवली की सभेत कुणीतरी हळूच म्हणतंच, "हाताला काय झालंय?" आम्हाला त्या बोलण्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. वर्षभरात मशीन बंद पडतं, त्यावर चादर टाकून कांदे-बटाट्याची टोपली ठेवली जाते, आणि हप्ता मात्र चालूच राहतो. असं का होतं, ते शोधायला आपण आज थोडं मागे जाऊ.

कोंडाण्याची लेणी ज्या खोऱ्यात कोरली, त्याच खोऱ्यातून उल्हास नदी खाली उतरते. आपल्या आज्यांचं धुणं नदीवर, ओढ्यावर, विहिरीच्या काठावर व्हायचं. गावगाड्यात परीट हा बारा बलुतेदारांपैकी एक, धुण्याबद्दल त्याला धान्यात बलुतं मिळे. गाडगेबाबा अशाच परीट घरात 1876 साली जन्मले. पण गरिबाघरचं रोजचं धुणं घरच्या बाईच्याच अंगावर असायचं. त्यात नुसती ताकद लागत नव्हती, अक्कलही लागत होती. राखेचं पाणी कोणत्या कपड्याला, रिठे कोणत्याला, कोणता रंग आधी वेगळा काढायचा, हे सगळं तिला ठाऊक असायचं. भिजवायचं, चुबकायचं, खळबळायचं, पिळायचं, हा क्रम तिचा. आज मशीनच्या तोंडावर जी बटणं दिसतात, ती याच क्रमाची आहेत.

आता विजेकडे येऊ. ही गोष्ट तर आपल्याच घरची. 1915 साली टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि 1922 साली भिवपुरीचं. एक खालापूर तालुक्यात, दुसरं कर्जत तालुक्यात. घाटावर धरणं बांधून पाणी अडवायचं, मोठ्या नळांतून ते डोंगरावरून खाली सोडायचं आणि त्या जोरावर चक्रं फिरवायची. ही वीज गेली मुंबईच्या कापडगिरण्यांना. पुढे भिरा केंद्रासाठी मुळशीचं धरण होऊ लागलं, तेव्हा जमिनी जाणाऱ्या मावळ्यांनी 1921 साली सेनापती बापटांच्या साथीनं सत्याग्रह केला. म्हणजे विजेची किंमत डोंगरातल्या माणसानं मोजली आणि गिरण्या चालल्या मुंबईत. डोक्यावरून तारा जायच्या, खाली आपल्या आज्या रॉकेलच्या दिव्यात भाकऱ्या थापायच्या.

ज्या 1922 साली भिवपुरीचं केंद्र सुरू झालं, त्याच वर्षी अमेरिकेत मेटॅग नावाच्या कंपनीनं धुण्याच्या मशीनमध्ये एक बदल केला. कपडे ओढत फिरवण्याऐवजी टबाच्या तळाशी पंख बसवला. पंख पाण्याला हलवतो आणि पाणी कपड्यांतून जातं. आपल्या वरून कपडे टाकायच्या मशीनची ही पणजी. 1947 साली तिकडे वरून कपडे टाकायचं पूर्ण ऑटोमॅटिक मशीन बाजारात आलं. 1953 साली जपानच्या सान्यो कंपनीनं चपटी चकती फिरवणारं लहान, स्वस्त मशीन काढलं. या चकतीला पल्सेटर म्हणतात. आज आपल्याकडच्या बहुतेक मशीनमध्ये तीच चकती असते. आपल्या महाराष्ट्रात 1980च्या दशकाच्या शेवटाला औरंगाबादच्या व्हिडिओकॉननं मशीन घरोघरच्या टीव्हीच्या जाहिरातींत आणलं.

हा सगळा इतिहास सांगायचं कारण एवढंच. हे मशीन ज्या घरांसाठी बनलं, तिथे नळाला चोवीस तास दाबाचं पाणी होतं, वीज एकसारखी होती आणि भिंतीत पक्कं अर्थिंग होतं. आपल्या घरात यातलं काय आहे? आपल्याकडे होणारे बहुतेक बिघाड मशीनच्या पोटात नसतातच, ते पाणी, वीज आणि जमीन यांच्याशी मशीन जिथे जोडलं जातं तिथे असतात. आणि तिथला बिघाड आपल्याला हातानं काढता येतो.

पाण्यापासून सुरुवात करू. मशीन नुसतंच गुणगुणतं, पाणी थेंब थेंब येतं, शेवटी टीं-टीं करून थांबतं. आधी टाकी बघा. पाणी आत घेणाऱ्या झडपेला दाब लागतो. टाकी मशीनपेक्षा साधारण दहा फूट वर असेल तर काम होतं. टाकी न्हाणीच्याच छपरावर, डोक्याएवढ्या उंचीवर असेल तर मशीन बिचारं काय करणार? टाकी उंच आहे तरी पाणी येत नाही, तर नळ बंद करा, प्लग काढा आणि मशीनच्या मागचा पाइप हातानं फिरवून सोडवा. पाइप जिथे लागतो तिथे आत नखाएवढी जाळी असते. पावसाळ्यात नळाला तांबडं पाणी येतं, तेव्हा ती मातीनं गच्च भरते. चिमट्यानं हळूच ओढा, जुन्या दात घासायच्या ब्रशनं धुवा, परत बसवा. आमच्या ओळखीच्या एका वहिनींनी या एवढ्याशा जाळीसाठी कारागिराला येऊन बघण्याचे चारशे रुपये दिले. तो नुसती जाळी धुऊन गेला, आणि ती कुठे असते तेही सांगितलं नाही.

पाणी बाहेर जात नसेल तर खालचा पाइप बघा. वरून कपडे टाकायच्या पुष्कळ मशीनमध्ये पाणी पंपानं उपसलं जात नाही, उतारानंच जातं. म्हणून तो पाइप जमिनीलगत पडलेला हवा. मोरीचा कठडा उंच आहे म्हणून आपण तो वर चढवतो, पाणी टबात अडकून बसतं आणि मग पिळण्याची पाळीच येत नाही.

पिळताना मशीन घरभर चालायला लागतं, दणदण वाजतं, ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. शेणानं सारवलेल्या किंवा उतरत्या मोरीच्या जमिनीवर मशीनचे चार पाय सारखे टेकत नाहीत. पाय खालून फिरवून कमी-जास्त करता येतात. वर पाण्यानं भरलेलं ताट ठेवलं की उतार कळतो. पाय ठीक असले तर कपडे बघा. एकटी गोधडी टाकली की ती पाणी पिऊन एका बाजूला बसते आणि टब झोके खातो. मशीनवर साडेसहा किलो लिहिलेलं असतं, ते कोरड्या कपड्यांचं वजन. भिजलेली गोधडी कुठल्या कुठे जाते. खरं सांगायचं तर जाड गोधडीला अजून दगडच बरा. नऊवारी असो की पाचवारी, साडी मोकळी टाकू नका, जाळीच्या पिशवीत घाला, नाहीतर ती बाकीच्या कपड्यांचा दोरखंड करते. आणि आधी पिना, हूक, खिशातली नाणी काढा. ती चकतीखाली जाऊन खरखर आवाज करतात.

आता साबण. सर्फ आपल्याकडे 1959 साली आला आणि 1969 साली करसनभाई पटेलांनी निरमा काढला. स्वस्त पावडर गरिबाघरी पोचली ती निरमामुळे. पण जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ, ही समजूतही त्याच काळात पक्की झाली. हाताच्या धुण्याची पावडर मशीनमध्ये फार फेस करते, तो नीट निघत नाही, कपडे चिकट राहतात, टबाला वास येतो. मशीनची पावडर घ्या आणि थोडी कमीच घाला. टबाच्या आतल्या बाजूला तंतू गोळा होणारी छोटी पिशवी किंवा पेटी असते, ती दर धुण्यानंतर झटका. महिन्यातून एकदा रिकामं मशीन टब साफ करायची पावडर घालून फिरवा. बोअरचं पाणी असेल तर हे चुकवू नका, क्षार आतून थर धरतात. आणि धुणं झाल्यावर झाकण उघडं ठेवा. आपल्या पावसाळ्यात बंद टबाला दोन दिवसांत बुरशी येते.

आता विजेचं ऐका, कारण इथे जीव जातो. मशीनला तीन पिनांचा प्लग असतो. त्यातली जाड पिन अर्थिंगची. बोर्डात बसत नाही म्हणून ती पिन कापणं किंवा दोन पिनांच्या एक्स्टेंशनवर मशीन चालवणं, हे बंद करायला हवं. ओली जमीन, ओले हात, लोखंडी अंग आणि अर्थिंग नाही. हाताला मुंग्या आल्यासारखं झालं, तर "थोडं चावतं" म्हणून सोडून देऊ नका. मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा. मीटरजवळ ईएलसीबी बसवून घ्या. वीज गळू लागली की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत बंद पाडतो. मशीन विकत घेण्याच्या कर्जात अर्थिंगचा खर्चही धरा, हे आम्ही आता प्रत्येक सभेत सांगतो. मृगाच्या गडगडाटात प्लग काढून ठेवा. आणि खालच्या बाजूला उंदीर शिरू नये म्हणून जाळी लावा. भात घरात आलं की उंदीरही येतात, आणि वायर कुरतडतात.

मोटर घूं-घूं करते पण चकती फिरत नाही, तेव्हा बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो किंवा पट्टा सैल झालेला असतो. तिथे आपण हात घालायचा नाही. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. पण कारागिराला फोनवर "मोटर वाजते, फिरत नाही" एवढं सांगितलं, तरी तो योग्य सामान घेऊन येतो आणि दुसऱ्या फेरीचे पैसे वाचतात. जुना भाग बदलला तर तो मागून घ्या.

येत्या मासिक सभेत आम्ही एक बंद मशीन मागून उघडून ठेवणार आहोत, प्लग नसलेलं. ज्यांच्या घरी मशीन आहे त्यांनी येताना आपली पाण्याची जाळी काढून कागदात गुंडाळून आणा. कोणाच्या जाळीत किती माती निघते ते बघू.