डोंगरातले दुसरे घर : किंमत एकदाच, देखभाल खर्च कायमचा

प्रतिनिधी, हसनाबाद (जि. जालना)

हसनाबादसारख्या गावात घर बांधून झाले, की त्यापुढचा ठरलेला खर्च म्हणजे ग्रामपंचायतीची घरपट्टी आणि पाणीपट्टी. गच्ची गळू लागली तर गवंडी बोलवायचा, हाताशी पैसे नसतील तर दिवाळीपर्यंत थांबायचे. निर्णय घरमालकाचा असतो. अशा गावांतून पुण्या-मुंबईत स्थिरावलेली कुटुंबे लोणावळा, पाचगणी किंवा मुळशीच्या डोंगरात 'सेकंड होम' घेण्याचा विचार करतात, तेव्हा त्यांच्या मनातला हिशेबही बहुधा याच धर्तीचा असतो. जाहिरातीत जलतरण तलाव असतो, क्लब हाऊस असते, धुक्यातली बाग असते. या सर्वांचे बिल घर वापरले नाही तरी येणार आहे, हे मात्र ताबा घेताना कळते.

सह्याद्रीच्या माथ्यावरील देखभाल मैदानी शहरापेक्षा महाग का पडते, याचे पहिले कारण पाऊस. जालना जिल्ह्यात वर्षभरात सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून अधिक. या पावसात अंतर्गत रस्ते उखडतात, भिंतींना ओल येते, गटारे गाळाने भरतात. उतार कापून बांधलेल्या घरांच्या मागे संरक्षक भिंत असते आणि तिच्यातून पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या दरवर्षी मोकळ्या कराव्या लागतात. जाहिरातीत न दिसणारी हीच खरी सुविधा. २५ जुलै २०२४ रोजी मुसळधार पावसात लवासा येथे दरड कोसळून बंगले गाडले गेले, त्यानंतर तरी या खर्चाकडे काटकसरीची जागा म्हणून पाहता येणार नाही. याखेरीज पाणी पंपाने वर चढवणे, वीज गेल्यावर जनरेटर आणि आठवडाभर बंद राहणाऱ्या घरांसाठी चोवीस तास पहारा हे खर्च आहेतच.

आकारणी कशी होते?

योजनेत सहकारी गृहनिर्माण संस्था आहे की अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन, हे खरेदीदाराने सर्वांत आधी विचारावे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदलेल्या संस्थेत आदर्श उपविधींनुसार पहारा, सफाई, कार्यालय, सामाईक वीज आदींचे सेवा शुल्क सर्व सदनिकांना समान असते. पाण्याचा आकार नळांच्या संख्येवर व आकारमानावर ठरतो. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम १९७० खालील योजनेत मात्र सामाईक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणात वाटला जातो. पुण्यातील एका संकुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये हेच तत्त्व ग्राह्य धरले. एका खोलीचा स्टुडिओ आणि चार खोल्यांची प्रशस्त सदनिका एकाच आवारात असणाऱ्या डोंगरी प्रकल्पात हा फरक किरकोळ नाही.

सेवा शुल्काखेरीज दोन निधी भरावे लागतात. आदर्श उपविधींत दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वार्षिक ०.७५ टक्के, तर सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के सांगितला आहे. घराचा बांधकाम खर्च, म्हणजे जमिनीची किंमत वगळून, ३० लाख रुपये धरला तर हे दोन्ही मिळून वर्षाला ३० हजार, महिन्याला अडीच हजार रुपये होतात. अनेक संस्था हे निधी नाममात्र ठेवून मासिक बिल कमी दाखवतात. ते बिल खरेदीदाराला आवडते खरे. पण दहा वर्षांनी रस्ता नव्याने करायचा म्हटला, की प्रत्येकाकडून एकरकमी वर्गणी मागण्याची वेळ येते. ज्याने दरम्यान घर विकले तो सुटतो, नवा मालक अडकतो. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील सर्फसाइड येथे २०२१ मध्ये समुद्रकिनारी इमारत कोसळून ९८ जण मृत्युमुखी पडले. लांबलेल्या दुरुस्त्या आणि अपुरा राखीव निधी यांची तेथे मोठी चर्चा झाली आणि पुढच्याच वर्षी त्या राज्याने उंच इमारतींच्या राखीव निधीबाबत कायदा कडक केला.

घर वर्षातून पंधरा दिवसच वापरतो, मग पूर्ण शुल्क कशासाठी, हा सेकंड होमवाल्यांचा नेहमीचा प्रश्न. सेवा शुल्कात अशी सवलत नाही. पहारेकरी रिकाम्या घरासमोरही उभाच असतो. मात्र बंद घरावर बिनभोगवटा शुल्क लावता येत नाही. ते घर भाड्याने दिले तरच लागू होते आणि तेही सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. राज्य शासनाने ही मर्यादा १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने घातली व मुंबई उच्च न्यायालयाने ती २००७ मध्ये कायम ठेवली. घर शनिवार-रविवारी पर्यटकांना देऊन खर्च भागवू, असा बेत असणाऱ्यांनी संस्थेचे त्याबाबतचे ठराव आधी वाचावेत.

जीएसटीचा मुद्दा वेगळा. संस्थेने सदस्याकडून घेतलेल्या दरमहा ७,५०० रुपयांपर्यंतच्या वर्गणीला सूट आहे. त्यापुढे, संस्थेची वार्षिक उलाढाल २० लाखांवर असल्यास, १८ टक्के कर लागतो. तो पूर्ण रकमेवर की केवळ वरच्या रकमेवर, यावर वाद झाला. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये केवळ वरच्या रकमेवर असा निर्णय दिला. ही सूट ना-नफा संस्थेला आहे. देखभाल विकासकाच्या हाती असेतो तिचा लाभ मिळत नाही.

थकबाकीने गणित कसे फिरते, हे काल्पनिक उदाहरणाने पाहू. शंभर घरांच्या आवाराचा मासिक खर्च पाच लाख असेल, तर प्रत्येकी पाच हजार येतात. पस्तीस मालकांनी पैसे थांबवले आणि तोच खर्च उरलेल्यांवर आला, तर वाटा ७,६९२ रुपये होतो आणि जीएसटीची मर्यादाही ओलांडली जाते. मालक परगावी किंवा परदेशी असलेल्या वसाहतींत ही शक्यता शहरापेक्षा अधिक. वसुलीसाठी संस्था उपनिबंधकांकडून वसुली दाखला घेऊ शकते व ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते.

सुविधा कोणाच्या मालकीच्या?

खरी मेख येथे आहे. रेरा कायद्यानुसार निम्म्याहून अधिक घरांची नोंदणी झाल्यावर तीन महिन्यांत संस्था स्थापन व्हायला हवी आणि संस्थेने कारभार हाती घेईपर्यंत विकासकाने वाजवी आकार घेऊन अत्यावश्यक सेवा द्यायच्या आहेत. पण महाराष्ट्राच्या २०१७ च्या रेरा नियमांनुसार अनेक इमारतींच्या मोठ्या आखणीत संपूर्ण जमिनीचे अभिहस्तांतरण शिखर संस्थेकडे होते, ते शेवटच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर. डोंगरातील योजना टप्प्याटप्प्याने पंधरा-वीस वर्षे चालतात. तोवर रस्ते, मोकळ्या जागा, पाणीयोजना विकासकाच्या नावावरच राहतात. क्लब तर पुष्कळदा कायमचाच विकासकाचा असतो. रहिवासी त्याचे केवळ वर्गणीदार सदस्य.

लवासाचे उदाहरण समोर आहे. राज्य शासनाच्या १९९६ च्या विशेष नियमावलीखाली मोसे खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या काठी हे शहर आकारास आले. २००८ मध्ये तेथे विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले. नगरपालिका नव्हती, नागरी सेवांचा भार कंपनीवर होता. २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवले, वर्षभराने अटींवर परवानगी दिली. २०१७ मध्ये नियोजनाचे अधिकार पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे गेले. ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची कारवाई दाखल झाली. जुलै २०२३ मध्ये १,८१४ कोटींची योजना मंजूर झाली, परंतु पैसे न भरले गेल्याने २०२४ मध्ये ती मंजुरी रद्द झाली. घर स्वतःचे, पण त्याकडे जाणारा रस्ता आणि त्यावरचा दिवा दिवाळखोर कंपनीचा, अशा अवस्थेत तेथील घरमालक वर्षानुवर्षे राहिले. लोणावळ्याजवळच्या अॅम्बी व्हॅलीवरही २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जप्ती आली.

म्हणून इसार देण्यापूर्वी संस्थेचे तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, थकबाकीदारांचा आकडा आणि सिंकिंग फंडाची शिल्लक पाहावी. पुनर्विक्रीच्या घरात विक्रेत्याचे 'ना बाकी' प्रमाणपत्र घ्यावे. नव्या प्रकल्पात महारेराच्या संकेतस्थळावर सुविधांची यादी व पूर्ततेची तारीख असते. करारनाम्यात क्लब सामाईक क्षेत्रात धरला आहे का, हे तपासावे. ताबा देताना विकासक वर्ष-दोन वर्षांची देखभाल आगाऊ घेतात, तिचा स्वतंत्र हिशेब ठेवणे १९६३ च्या मोफा कायद्याने त्यांना बंधनकारक केले आहे. तो लेखी मागावा. जागा पाहायला मे महिन्यात नव्हे, जुलैत जावे. विकासकाविषयीची तक्रार महारेराकडे, तर सहकारी संस्थेच्या कारभाराविषयीची तालुक्याच्या उपनिबंधक वा सहायक निबंधक कार्यालयात किंवा सहकार न्यायालयात करता येते. ही कार्यालये घर जेथे आहे त्या भागातली असतात, मालक राहतो तेथली नव्हेत.