दुसऱ्या महायुद्धातील जर्मन आघाती तोफ : विकास, वापर आणि मूल्यमापन

प्रस्तावना

एखादे शस्त्र ज्या हेतूने निर्माण होते आणि प्रत्यक्षात ज्या कामी येते, त्यांत पुष्कळदा मोठे अंतर पडते. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन ‘श्टुर्मगेशुत्झ’ म्हणजेच चिलखती आघाती तोफ हे त्याचे ठळक उदाहरण होय. आक्रमक पायदळाची सोबतीण म्हणून कल्पिलेली ही तोफ युद्धाच्या उत्तरार्धात प्रामुख्याने बचावात्मक व रणगाडाविरोधी शस्त्र बनली. या स्थित्यंतराची कारणे शोधणे आणि तिच्या यशाविषयीच्या रूढ मताचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. संकल्पना

पहिल्या महायुद्धात शत्रूचे खंदक ओलांडून पायदळ पुढे गेले, की मागे राहिलेल्या तोफखान्याचा आधार तुटत असे. सोबत नेलेल्या हलक्या तोफा माणसांना किंवा घोड्यांना ओढाव्या लागत आणि उघड्यावरील तोफची मशीनगनच्या माऱ्यास बळी पडत. या अनुभवावरून एरिक फॉन मानश्टाइन यांनी १९३५ मध्ये ‘आघाती तोफखान्या’ची कल्पना मांडली. पायदळाबरोबर चालणारी, चिलखताने सुरक्षित आणि लक्ष्यावर थेट मारा करणारी तोफ प्रत्येक पायदळ डिव्हिजनला मिळावी, असा तिचा आशय होता. जून १९३६ मध्ये वाहनाच्या विकासाचे काम डाइमलर-बेन्झकडे सोपविण्यात आले.

२. रचना व तिचे परिणाम

पँझर-३ या रणगाड्याच्या सांगाड्यावर, फिरता मनोरा न ठेवता, ७५ मि.मी. व्यासाची आखूड तोफ बसविण्यात आली. मनोरा नसल्यामुळे वाहनाची उंची जेमतेम दोन मीटरच्या आसपास राहिली, पुढील चिलखत ५० मि.मी. जाडीचे करता आले आणि खर्चही घटला. नेहमी दिल्या जाणाऱ्या आकड्यांनुसार आघाती तोफेची किंमत सुमारे ८२,५०० राइशमार्क, तर पँझर-३ ची सुमारे १,०३,००० राइशमार्क होती.

या काटकसरीचे मोल मात्र युद्धभूमीवर द्यावे लागे. तोफ डावीउजवीकडे दहा-बारा अंशांपलीकडे वळत नसे. बाजूच्या लक्ष्यावर मारा करण्यासाठी संपूर्ण वाहनच फिरवावे लागे. सुरुवातीच्या वाहनांवर मशीनगनची सोयही नव्हती. त्यामुळे जवळ आलेल्या शत्रूच्या पायदळापुढे ही तोफ दुबळी ठरे. जिला पायदळास आधार द्यायचा होता, तिलाच पायदळाच्या आधाराची गरज होती.

३. भूमिकेतील बदल

१९४० च्या फ्रान्स मोहिमेत मोजक्याच तुकड्या या तोफांसह उतरल्या. निर्णायक वळण आले ते १९४१ मध्ये. सोव्हिएत टी-३४ व केव्ही रणगाड्यांसमोर जर्मन तोफा अपुऱ्या पडल्या. तेव्हा मार्च १९४२ पासून आघाती तोफेवर व्यासाच्या ४३ पट, आणि पुढे ४८ पट लांबीची नळी बसविण्यात आली. पँझर-३ च्या लहान मनोऱ्यात अशी तोफ मावत नव्हती. मनोरा नसलेल्या वाहनात ती सहज मावली. पूर्वी उणीव वाटणारी रचनाच आता उपयोगी ठरली.

१९४३ मध्ये पँझर-३ रणगाड्याचे उत्पादन थांबवून त्याचा सांगाडा आघाती तोफांसाठी वापरण्यात येऊ लागला. १९४० मध्ये वार्षिक उत्पादन दोनशेहून कमी होते. १९४३ मध्ये ते सुमारे तीन हजारांवर गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बर्लिनच्या आल्केट कारखान्यावर बाँबवर्षाव झाला. ही तूट भरून काढण्यासाठी पँझर-४ च्या सांगाड्यावर आघाती तोफा तयार होऊ लागल्या.

या वाढत्या महत्त्वामुळे लष्करांतर्गत वादही उद्भवला. मार्च १९४३ मध्ये चिलखती दलाचे महानिरीक्षक झालेले हाइन्झ गुडेरियान यांना सर्व आघाती तोफा आपल्या अधिकाराखाली हव्या होत्या. तोफखान्याने विरोध केला आणि बहुसंख्य आघाती तोफा त्याच्याकडेच राहिल्या. तथापि रणगाड्यांच्या टंचाईमुळे पँझर डिव्हिजनांनाही रणगाड्यांऐवजी याच तोफा स्वीकाराव्या लागल्या.

४. दाव्यांचे मूल्यमापन

१९४४ पर्यंत आघाती तोफांनी शत्रूचे सुमारे २०,००० रणगाडे नष्ट केल्याचा जर्मन दावा अनेक ग्रंथांत उद्धृत केला जातो. तो जसाच्या तसा स्वीकारणे इतिहासलेखनाच्या शिस्तीस धरून होणार नाही. एकाच रणगाड्यावर दोन तुकड्या हक्क सांगत. निकामी झालेली अनेक वाहने सोव्हिएत सैन्य दुरुस्त करून पुन्हा लढाईत आणी. खुद्द जर्मन लष्करी गुप्तवार्ता विभागही आघाडीवरून आलेल्या अशा आकड्यांत मोठी कपात करूनच ते ग्राह्य धरीत असे.

शस्त्राची उपयुक्तता मात्र अन्य पुराव्यानेही दिसते. १९४३-४४ मध्ये फिनलंडला अशा ५९ तोफा मिळाल्या आणि जून १९४४ मधील कारेलियन संयोगभूमीवरील लढायांत त्या प्रभावी ठरल्या. त्याही बचावाच्याच लढाया होत्या, हे लक्षणीय आहे.

याच संकल्पनेची दुसरी शाखा शहरी युद्धाकडे वळली. १५० मि.मी. तोफेचे ‘श्टुर्मपँझर’ आणि ३८० मि.मी. अग्निबाण डागणारी, अवघी १८ बनविलेली ‘श्टुर्मटायगर’ वाहने १९४४ च्या वॉर्सा उठावाविरुद्ध वापरली गेली. मूळ संकल्पनेत लक्ष्य होते ते शत्रूच्या मशीनगनचा अड्डा. वॉर्सात लक्ष्य झाल्या नागरिकांनी भरलेल्या इमारती. केवळ चिलखताची जाडी आणि तोफेची भेदकता मोजणाऱ्या लेखनात ही बाजू सहसा येत नाही. त्यामुळे शस्त्राच्या इतिहासाचे शस्त्राच्या गौरवगाथेत रूपांतर होते.

निष्कर्ष

१. आघाती तोफेचे रूपांतर पूर्वनियोजित नव्हते. पूर्व आघाडीवरील अनपेक्षित परिस्थितीने ते घडविले.

२. तिचे वाढते उत्पादन हे केवळ यशाचे लक्षण नव्हते. पुरेसे रणगाडे बनवू न शकणाऱ्या आणि आक्रमणाकडून बचावाकडे ढकलल्या गेलेल्या राष्ट्राची ती निकड होती. म्हणूनच दहा हजारांच्या आसपास तोफा बनूनही युद्धाचा निकाल बदलला नाही.

३. शत्रुहानीचे आकडे लढणाऱ्या पक्षाच्या नोंदींवरून घेताना प्रतिपक्षाच्या नोंदींशी त्यांची पडताळणी अनिवार्य आहे.

४. शस्त्राचे मूल्यमापन करताना ते कोणाविरुद्ध व कशासाठी वापरले गेले, हा प्रश्न तांत्रिक गुणांइतकाच महत्त्वाचा आहे. तो वगळल्यास उरते ती यंत्राची माहितीपत्रिका. तिला इतिहास म्हणता येणार नाही.