कंपनी बागेतली रायमुनिया

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलात रस्त्यांच्या कडेला, पडीत जमिनीवर आणि विरळ झालेल्या सागाखाली लाल-पिवळ्या झुबक्यांचे एक काटेरी झुडूप माजलेले दिसते. विदर्भात त्याला रायमुनिया म्हणतात, पश्चिमेकडे घाणेरी किंवा टणटणी. वनखात्याच्या लेखी ते लँटाना, म्हणजे काढून टाकायचे तण. तण म्हटले की ते आपोआप उगवले असे आपण गृहीत धरतो आणि तिथेच त्याचा इतिहास झाकला जातो. रायमुनिया ही बागेत निवडलेली, जोपासलेली आणि मुद्दाम समुद्रापार आणलेली शोभेची वनस्पती आहे. माळ्यांना तिच्यातले जे गुण आवडले, तेच आज या जंगलाला जाचत आहेत, असे माझे म्हणणे आहे.

तिचे माहेर मध्य आणि दक्षिण अमेरिका. सतराव्या शतकात डचांनी ती युरोपच्या बागांत नेली, 1753 मध्ये लिनियसने तिचे शास्त्रीय नाव नोंदवले, आणि पुढे धनिकांच्या काचघरांत तिचे संकर करून नवनवे रंग काढले गेले. त्यामुळे भारतात पसरलेली लँटाना ही एखादी शुद्ध रानटी जात नाही. ती बऱ्याच अंशी माणसाने घडवलेली संकरांची भेसळ आहे. कोलकात्याजवळ शिबपूर येथे रॉबर्ट किड यांनी 1787 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची बाग उभी केली. 1793 पासून वीस वर्षे तिचा कारभार विल्यम रॉक्सबर्घ यांच्याकडे होता, आणि याच काळात, 1807च्या सुमारास, लँटाना तिथे आली. तेव्हा चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, नागपूरकर भोसल्यांकडे होता. 1853 मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, कंपनीने राज्य खालसा केले आणि चांद्याचे रानही इंग्रजी अमलाखाली गेले. तोवर देशभरातल्या छावण्या आणि बंगल्यांच्या आवारांत लँटानाची कुंपणे रूढ होऊ लागली होती. कुंपणाला हवे ते सगळे तिच्यात होते. पाणी न घालता जगते, बहुतेक वर्षभर फुलते, छाटली की अधिक दाट फुटते, काट्यांमुळे कोणी आत शिरत नाही आणि गुरे तोंड लावत नाहीत. रानात यातला एकेक गुण उलटतो. तोडले की बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात. पाने विषारी असल्याने चितळ, सांबर, गवे तिला खाऊन आवरू शकत नाहीत, शिवाय तिच्याखाली त्यांचे गवत उगवत नाही. काळी फळे बुलबुल खातात आणि बी दूरवर टाकतात.

यावर पहिला आक्षेप असा की दोष बागेचा नाही, उघड्या पडलेल्या जंगलाचा आहे. आलापल्लीचा साग तोडला गेला, बल्लारपूरच्या कागद गिरणीसाठी बांबू गेला, दरवर्षी वणवे लागले. सावली हटली म्हणून झुडूप माजले. हे बरेचसे खरे आहे, कारण घनदाट सावलीत लँटाना जोर धरत नाही. पण उघड्या जमिनीवर तरोटाही येतो, धायटीही येते, आणि त्यांनी देशभरातले जंगल असे व्यापलेले नाही. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने देशातल्या वाघांच्या प्रदेशात लँटानाखालचे वनक्षेत्र दीड लाख चौरस किलोमीटरहून अधिक असल्याचा अंदाज दिला. शिवाय साग तोडणारी आणि बागेत झुडूप आणणारी सत्ता वेगळी नव्हती. 1941 मध्ये लँटानाचा रस शोषणारा एक ढेकूण ऑस्ट्रेलियातून आणला गेला, तेव्हा तो सागावरही जाईल या भीतीने सोडलाच नाही. सरकारला साग किती मोलाचा होता हे यातून कळते. झुडपाखाली गाडल्या जाणाऱ्या गवताची तेवढी काळजी कोणी केली नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. मिरची अमेरिकेची, सीताफळ अमेरिकेचे. ते आपले झाले, मग रायमुनियाच परकी का? माझ्या मते मूळ देशावरून निवाडा करूच नये. मिरचीला दरवर्षी कोणीतरी पेरावे लागते. सीताफळ माळावर आपोआप वाढते, तरी त्याची फळे माणसाच्या पोटात जातात. रायमुनिया सरपणाला चालते, फुलपाखरांना मध देते, हे मान्य करूनही तिने व्यापलेल्या जागेच्या मानाने हा मोबदला फार थोडा आहे.

तिच्यासमोर या रानातले ऑर्किड ठेवून पाहावे. व्हँडा टेसेलाटा, वैद्यकात काही ठिकाणी रास्ना म्हणून वापरली जाणारी, बहुधा मोहाच्या जुन्या झाडावर वाढते: जाड मुळ्या, पट्ट्यांसारखी पाने, तपकिरी चौकड्यांच्या पाकळ्या आणि निळसर-जांभळी ओठी. 1795 मध्ये तिचे वर्णन करणारे रॉक्सबर्घच होते. 1820 मध्ये रॉबर्ट ब्राउन यांनी व्हँडा ही प्रजाती स्थापन केली आणि भारतातली ऑर्किडे इंग्रज श्रीमंतांच्या काचघरांकडे जाऊ लागली. त्यांचे धुळीएवढे बी निसर्गात विशिष्ट बुरशीच्या मदतीशिवाय रुजत नाही. 1922 मध्ये लुईस नड्सन यांनी साखर आणि क्षार असलेल्या माध्यमावर ते रुजवून दाखवले. तोपर्यंत मागणी पुरवण्याचा मुख्य मार्ग रान ओरबाडणे हाच होता. एकाच शोभेच्या हौसेने एक वनस्पती रानात लोटली आणि दुसरी रानातून उपसली.

चांद्याच्या रानात ऑर्किड टिकले त्याचे मोठे श्रेय मोहाला आहे. फुलांसाठी आणि बियांच्या तेलासाठी गोंड-माडियांनी मोह तोडला नाही, म्हणून त्याच्या सालीवरचे ऑर्किडही राहिले. मात्र याच मोहाची फुले वेचायला सोपे जावे म्हणून खालचा पाचोळा जाळला जातो आणि ती आग रायमुनियाच्या पथ्यावर पडते. परंपरेची ही बाजूही सांगितली पाहिजे. ती बदलता येते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदूची छाटणी आणि पानांसाठी लावल्या जाणाऱ्या आगी टाळण्यासाठी तेंदूपानांचे उत्पन्न स्वतःहून सोडले.

झुडूप मुळाच्या मानेखाली तोडून उलटे टाकायचे, पुढची काही वर्षे पक्षी बसतात त्या झाडांखालची रोपे उपटत राहायची आणि मोकळ्या जागेत स्थानिक गवत पेरायचे, ही पद्धत आता माहीत आहे. पण रोपवाटिकांत लँटानाची बुटकी, रंगीत वाणे आजही कुंड्यांत विकली जातात. व्याघ्रप्रकल्प असलेल्या जिल्ह्यात तरी ही विक्री बंद व्हावी आणि शासकीय विश्रामगृहांच्या कुंपणाला लाल फुलांची धायटी किंवा मुरुडशेंग लावावी.