लिनक्सचा कन्सोल आणि देवनागरी व गोंडी लिपी

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा हा मराठी, हिंदी, पोवारी, छत्तीसगढी व गोंडी या भाषांचा सीमाप्रदेश होय. 'गोंदिया' हे नाव युनिकोडमध्ये सात संकेतांकांनी लिहिले जाते. वाचकाच्या डोळ्यांना मात्र तीनच अक्षरे दिसतात. सातांची तीन करण्याचे हे काम संगणकात कोणी करावयाचे, हा प्रश्न डेस्कटॉपवर केव्हाच सुटला आहे. डेस्कटॉप नसताना जे निव्वळ मजकुराचे पटल समोर येते, त्या कन्सोलवर मात्र या प्रश्नाचा इतिहास बराच लांबला.

त्याचे मूळ यंत्राच्या घडणीत आहे. आयबीएमने १९८७ मध्ये आणलेल्या व्हीजीए पद्धतीत पटलाची ८० स्तंभ व २५ ओळी अशी घरे पाडलेली असत आणि प्रत्येक घरात २५६ ठरावीक आकृतींपैकी एक बसे. दोन संच जोडून ही संख्या ५१२ करता येई. परंतु त्यासाठी रंगाचा एक बिट खर्ची पडे व अक्षरांचे सोळा रंग आठांवर येत. रोमन लिपीला एवढे पुरून उरे. जोडाक्षरे, रफार व वेलांट्या यांनी घडलेल्या देवनागरीला ते पुरणे शक्य नव्हते. भारतात यावर निघालेला तोडगा मोठा कल्पक होता. कानपूरच्या आयआयटीत आरंभ झालेले 'जिस्ट' तंत्र १९८८ मध्ये पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. संगणकात एक स्वतंत्र कार्ड बसवून त्याच्याकरवी भारतीय लिप्या मजकुराच्या पटलावर उमटविल्या जात. भारतीय लिप्यांच्या संकेतांकांचे प्रमाणकही १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सचा पाया घातला. पण त्यांच्या कन्सोलला वारसा मिळाला तो व्हीजीएचा, जिस्टचा नव्हे.

अटारी व अमिगा या यंत्रांना मजकुराचे वेगळे पटलच नव्हते. त्यांच्यासाठी लिनक्सवर प्रत्येक अक्षर चित्रबिंदूंनी रेखाटणारा 'फ्रेमबफर कन्सोल' तयार झाला आणि १९९८ च्या सुमारास इतर यंत्रांनाही तो उपलब्ध झाला. आता २५६ आकृतींचे बंधन उरण्याचे कारण नव्हते. तरीही ५१२ ही कमाल मर्यादा व 'एका संकेतांकास एक आकृती' हा नियम कर्नलने तसाच ठेवला. यात कर्नलकारांची अनास्था पाहणे न्याय्य होणार नाही. लिपीच्या जुळणीचे गुंतागुंतीचे नियम संगणकाच्या गाभ्यात घालणे सुरक्षिततेच्या दृष्टीने खरोखरच अनिष्ट ठरले असते.

मग वाट बाहेरून काढावी लागली. तिचे सर्वांत बोलके उदाहरण डेबियनचे स्थापना-साधन होय. एप्रिल २००७ मध्ये निघालेल्या 'एच' आवृत्तीत डेस्कटॉपवाचून, थेट फ्रेमबफरवर चित्ररूप स्थापना चालविण्याची सोय झाली. त्यासाठी जीटीके व डायरेक्टएफबी यांची सांगड घातली होती. पुढे 'लेनी' या २००९ च्या आवृत्तीत मराठीचा समावेश झाला आणि मराठी ही केवळ चित्ररूप स्थापनेतच मिळणाऱ्या भाषांपैकी एक ठरली. इंग्रजी वाचणाऱ्याला चित्ररूप हा शोभेचा भाग वाटेल. मराठी वाचणाऱ्याला त्यावाचून आपल्या भाषेतील पहिला प्रश्नही वाचता येत नव्हता. २०११ च्या आवृत्तीत मात्र डायरेक्टएफबीची जागा एक्स प्रणालीने घेतली.

मार्च २००९ च्या लिनक्स २.६.२९ मध्ये इंटेलच्या ग्राफिक्ससाठी पटलाची मांडणी ठरविण्याचे काम एक्सकडून कर्नलकडे आले. 'केएमएस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बदलाने डेस्कटॉप आणि ग्राफिक्स कार्डाची गती यांची अपरिहार्य जोडी तुटली. कोणत्याही कार्यक्रमाने ग्राफिक्सचे उपकरण उघडावे, जोडलेल्या पडद्याची मांडणी निवडावी, जीबीएमकरवी स्मृती घ्यावी, ईजीएल व ओपनजीएलकरवी कार्डाकडूनच चित्र रेखाटून घ्यावे आणि तयार पृष्ठ पडद्यावर चढवावे. अट एवढीच की, पडद्याची सूत्रे एका वेळी एकाच कार्यक्रमाच्या हाती असावीत. डेस्कटॉप चालू असताना दुसऱ्याने ती मागितल्यास नकार मिळतो. २०१२ मध्ये डेव्हिड हेरमान यांनी रचलेला 'केएमएसकॉन' या मार्गाने गेला. त्यात अक्षरजुळणीसाठी पँगो हे साधन वापरण्याची सोय होती. (कर्नलच्या जुन्या कन्सोलमधील गतिवर्धन दरम्यान काढले गेले व २०२२ मध्ये ऐच्छिक स्वरूपात परतले, लिपीचा प्रश्न त्याने हलला नाही.)

पण गती आली म्हणजे लिपी आली असे नव्हे. कन्सोलचे पटल अजूनही घरांचेच आहे. कोणत्या चिन्हास किती घरे द्यावयाची याविषयी मार्कुस कून यांची कोष्टके पुष्कळ कार्यक्रमांनी स्वीकारली. त्यांत अनुस्वार, उकार व हलन्त यांना शून्य घर, तर काना, मात्रेचा काना व वेलांटी यांना एकेक घर मिळते. परिणामी 'गोंदिया' सहा घरांत विखुरतो आणि उच्चारात मागून येणारी, पण लेखनात द-पूर्वी बसणारी ऱ्हस्व वेलांटी द-नंतरच्या घरात जाते. 'अर्जुनी'तील रफार ज-वर चढतच नाही, कारण र् एका घरात व जु दुसऱ्यात अडकतो. घर हे एकक रोमन वर्णासाठी कल्पिलेले आहे. देवनागरीचे एकक अक्षर आहे. ग्राफिक्स कार्ड कितीही वेगवान असले तरी हा भेद ते मिटवू शकत नाही.

गोंडीची स्थिती याहून बिकट आहे. गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये रचलेली लिपी जून २०१७ मध्ये युनिकोड १०.० मध्ये दाखल झाली; गुंजाळा गोंडी लिपी पुढील वर्षी आली. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा नोंदविणाऱ्यांची संख्या सुमारे २९ लाख ८४ हजार आहे. दोन्ही लिप्यांचे संकेतांक ६५,५३५ च्या पलीकडचे आहेत, आणि कर्नलच्या कन्सोलमधील आकृतींचे कोष्टक सोळा बिटांचे आहे. देवनागरी तेथे निदान मोडकी तरी उमटू शकते. मसराम गोंडीच्या एकाही अक्षराला त्या कोष्टकात जागा नाही. ते पडद्यावर आणावयाचे झाल्यास कर्नलच्या कन्सोलला वगळून केएमएसच्याच मार्गाने जावे लागते.