टेक्सास सिटी, सकाळी ९ वाजून १२ मिनिटे

११ एप्रिल १९४७, शुक्रवार. 'ग्रँडकॅम्प' हे फ्रेंच मालवाहू जहाज ह्यूस्टनहून टेक्सास सिटीच्या 'ओ' धक्क्याला लागले. मेक्सिकोच्या आखाताकाठचे हे छोटे अमेरिकन बंदर तेलशुद्धीकरण आणि रसायनांच्या कारखान्यांनी वेढलेले होते. इथे जहाजात अमोनियम नायट्रेट भरायचे होते. ह्यूस्टनच्या बंदरात हा माल चढवायला मनाई होती, टेक्सास सिटीत नव्हती.

माल म्हणजे खत. बारीक, फिकट रंगाचे दाणे. युद्धकाळात दारूगोळ्यासाठी हेच रसायन बनवणारे नेब्रास्का आणि आयोवाचे सरकारी कारखाने शांतता झाल्यावर युरोपच्या उपाशी शेतांसाठी खत बनवू लागले होते. ओल धरून दाण्यांच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्यांवर मेणाचा पातळ थर दिला जाई. हा थर जळणारा होता. दाणे कागदी पोत्यांत भरत, एकेक पोते १०० पौंडांचे, म्हणजे साधारण ४५ किलोचे. पोत्यावर खताचे नाव छापलेले असे. ते फुटू शकते, असे कुठे छापलेले नव्हते.

१२ ते १५ एप्रिल. गोदी कामगार पोती रचत होते. काही पोती हाताला गरम लागतात, असे त्यांच्या ध्यानात आले. माल कारखान्यातच गरम असताना भरला गेला होता, आणि दाट रचलेल्या ढिगात ती धग सहज निघून जात नाही. धूम्रपानबंदीच्या पाट्या होत्या. तरी कामगार सिगारेट ओढत आणि त्यांना फारसे कोणी अडवत नसे. हे खत पेट घेऊ शकते, हे त्यांना कोणी समजावलेले नव्हते. मी या कामगारांना दोष देणार नाही. पोत्यावर जे लिहिले होते तेवढेच त्यांना माहीत होते.

माहीत असणारे मात्र जगात होते. २१ सप्टेंबर १९२१ रोजी जर्मनीतल्या ओपाऊच्या कारखान्यात याच जातीच्या खताचा ढीग उडाला आणि ५०० हून अधिक माणसे मेली. त्या घटनेला २५ वर्षे उलटून गेली होती.

१६ एप्रिल, बुधवार, सकाळी ८.००. चौथ्या खणाची झाकणे उघडली. जहाजात एव्हाना सुमारे २,३०० टन अमोनियम नायट्रेट चढले होते. याशिवाय सुतळी, शेंगदाणे, तंबाखू आणि पाचव्या खणात बंदुकीच्या गोळ्यांच्या १६ पेट्या होत्या. कामगार खाली उतरले.

८.१० च्या सुमारास. कोणाला तरी धुराचा वास आला. पोती आणि जहाजाची भिंत यांच्या फटीतून धूर येत होता. पोती बाजूला केली तेव्हा खाली आग दिसली. पिण्याच्या पाण्याचे भांडे ओतले, मग हाताने चालवायची आग विझवण्याची नळकांडी रिकामी केली. उपयोग झाला नाही.

पाण्याचा मोठा पाइप मागवला गेला, आणि इथे निर्णय झाला. पाणी मारू नका, माल खराब होईल, असा हुकूम जहाजाच्या अधिकाऱ्यांकडून आला. कामगारांना वर बोलावले. खणावर फळ्या बसवल्या, त्यांवर ताडपत्र्या ताणल्या, हवेच्या वाटा बंद केल्या आणि आत वाफ सोडली.

जहाजावरच्या साध्या आगीला हा उपाय चालतो. वाफ कोंडली की हवा हटते आणि आग गुदमरते. अमोनियम नायट्रेटला बाहेरची हवा लागत नाही; प्राणवायू त्याच्या दाण्यातच असतो. झाकण लावल्याने आग विझण्याऐवजी उष्णता आणि दाब कोंडले. वाफेने ढीग आणखी तापला. अशी आग विझवायला सुरुवातीलाच भरपूर पाणी आणि मोकळी हवा लागते, ते जमण्यासारखे नसेल तर माणसांनी लांब जायला हवे. इथे तिन्ही गोष्टींच्या उलट झाले.

गोळ्यांच्या पेट्या हलवायला माणसे लावली होती. धोका तिथे आहे असे सगळ्यांना वाटत होते.

८.३० नंतर. गावच्या अग्निशामक दलाला वर्दी गेली. दल स्वयंसेवकांचे होते. प्रमुख हेन्री बाउमगार्टनर यांच्यासह २७ जण चार बंब घेऊन धक्क्यावर आले.

तीन वर्षे आणि दोन दिवसांपूर्वी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीतही बंब असेच धावले होते. 'फोर्ट स्टिकिन' जहाजात कापसाच्या गासड्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटके एकत्र भरलेली होती. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी ४.०६ ला ते उडाले. अग्निशामक दलाची ६६ माणसे गेली. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्यांच्यासाठी.

८.४५ नंतर. टेक्सास सिटीच्या जवानांनी पाण्याचे फवारे सोडले. पाणी डेकवर पडताच वाफ होऊन उडत होते, कारण खालचे पोलाद तेवढे तापले होते. एव्हाना पाण्याची वेळ टळून गेली होती.

धुराचा रंग बदलला होता. तो नारिंगी, पिवळसर-तांबूस झाला. हा नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा रंग. आत रसायन भराभर विघटित होत असल्याची खूण. निरभ्र आभाळाखाली तो देखणा दिसत होता. धक्क्यावर बघ्यांची गर्दी वाढली. त्यांत मुलेही होती. शेजारच्या मोन्सॅन्टो कारखान्यात दिवसपाळीचे सुमारे ४५० कामगार होते. वर दोन छोटी विमाने आगीभोवती घिरट्या घालत होती.

९.०० च्या सुमारास. आतल्या दाबाने खणाची झाकणे एव्हाना उडाली होती. कोणी गर्दी हटवली नाही. किती मागे जायचे, हे ठाऊक असलेला माणूस धक्क्यावर नव्हता.

९.१२. 'ग्रँडकॅम्प' फुटले.

धक्क्यावरचे २७ अग्निशामक एका क्षणात गेले. दलात एकूण २८ जण होते. मोन्सॅन्टोचे १४५ कामगार मेले. दोन्ही विमाने कोसळली. सुमारे १५ फूट उंच लाट धक्क्यावर चढली. जहाजाचा दोन टनी नांगर अडीच किलोमीटरवर जाऊन जमिनीत रुतला. ६० किलोमीटरवरच्या ह्यूस्टनमध्ये काचा फुटल्या.

सकाळ ते रात्र. तेलाच्या टाक्या एकामागून एक पेटत गेल्या. देशभर टेलिफोन कामगारांचा संप चालू होता. बातमी कळताच टेक्सास सिटीच्या ऑपरेटर संप सोडून कामावर आल्या. शेजारच्या धक्क्यावरचे 'हाय फ्लायर' जहाज दोर तुटून 'विल्सन बी. कीन' या जहाजाला जाऊन अडकले होते. त्यात ९६१ टन अमोनियम नायट्रेट आणि गंधक होते. खलाशी त्याला सोडून निघून गेले.

रात्री ११ च्या सुमारास. 'हाय फ्लायर'ला ओढून समुद्रात न्यायला टग बोटी आल्या. जहाज हलेना. एक वाजता त्यातून ज्वाळा दिसू लागल्या. टग बोटींनी दोर कापले आणि माघार घेतली. आता आत काय आहे ते सगळ्यांना माहीत होते.

१७ एप्रिल, रात्री १.१०. 'हाय फ्लायर' फुटले. हा स्फोट पहिल्यापेक्षा मोठा वाटला, असे अनेकांनी सांगितले. त्यात किमान दोघे मेल्याची नोंद आहे. दोन्ही स्फोट मिळून मृत आणि बेपत्ता ५८१. बंदर तेच आणि खतही तेच. रात्री माणसे लांब होती, एवढाच फरक.

८ जून १९५३. भरपाईच्या दाव्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी सरकारला जबाबदारीतून मुक्त केले. भरपाईसाठी १९५५ साली संसदेला वेगळा कायदा करावा लागला.

भारतात अमोनियम नायट्रेटचे नियम २०१२ साली आले. त्याच्या साठ्याला आता परवाना लागतो. बैरूतच्या बंदरात मात्र २,७५० टन दाणे गोदामात वर्षानुवर्षे पडून होते. ४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी तिथल्या आगीवर दहा जणांचे अग्निशामक पथक धाडले गेले. आत काय आहे, ते त्यांना सांगितलेले नव्हते. स्फोटात दहाही जण मेले. लोक गच्चीतून, खिडकीतून फोनवर चित्रण करत होते.

खताच्या किंवा रसायनाच्या गोदामाला आग लागली आणि धूर नारिंगी-तांबूस दिसला, तर खिडकीशी थांबू नका. मुलांना घेऊन लांब जा, आणि बंब बोलावताना आत काय साठवले आहे ते पहिल्या वाक्यात सांगा.