खिन्न मन आणि स्मरणाची साधना

नैराश्य ओळखण्यासाठी आज जगभर नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरली जाते. तिच्यातील सातवा प्रश्न एकाग्रतेचा आहे. वर्तमानपत्र वाचताना किंवा दूरदर्शन पाहताना चित्त लागत नाही, असे गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा झाले? दुःखाची विचारपूस करताना वर्तमानपत्र कशाला, असे प्रथमदर्शनी कोणासही वाटेल. परंतु वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील केनवडसारख्या गावी, जेथे सोयाबीन आणि तुरीवर घराचा संसार उभा असतो, तेथे या प्रश्नाचे मोल मोठे आहे. खिन्न झालेला शेतकरी पीकविम्याची मुदत विसरतो, बियाण्याचा हिशेब अर्ध्यावर सोडतो आणि घरची माणसे त्याला आळशी ठरवितात. ख्रिस्ती घरात याला आणखी एक पदर असतो. जपमाळेचे कितवे रहस्य चालले आहे हे ध्यानात राहत नाही, मिस्साबलिदानात मन रमत नाही, आणि तो दुःखी जीव ते पाप समजून पापनिवेदनास येतो.

हा गैरसमज फार जुना आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इव्हाग्रियस नावाचा एक तपस्वी राहत असे. 'आकेदिया' नामक अवस्थेने ग्रासलेल्या संन्याशाचे त्याने केलेले वर्णन आजही चकित करते. सूर्य जागचा हलत नाही असे त्या संन्याशाला वाटते. तो पुन्हा पुन्हा खिडकीकडे पाहतो, वाचता वाचता जांभया देतो, पुस्तकावरून नजर काढून भिंतीकडे लावतो, उरलेली पाने मोजतो आणि अखेर पुस्तक उशाला घेऊन झोपतो. आकेदिया म्हणजेच नैराश्य, असे आम्ही म्हणणार नाही. पण सातव्या प्रश्नाचे उत्तर येथे सोळाशे वर्षांपूर्वी लिहिलेले आहे. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप महान ग्रेगरी यांनी प्रमुख पापांची यादी नव्याने लावली, तेव्हा आकेदिया विषादात विलीन झाली आणि पुढे त्या जागी आळस येऊन बसला. सेमिनरीत आम्ही हा विषय 'आळस' याच मथळ्याखाली शिकलो. इव्हाग्रियसने बारकाईने पाहिलेले विस्कटलेले चित्त त्या एका शब्दाखाली झाकले गेले.

याला एक मोठा अपवाद अविलाच्या संत तेरेजांचा. १५७३ साली त्यांनी आपल्या मठांच्या स्थापनेचा वृत्तान्त लिहावयास घेतला. त्यात खिन्नतेने पछाडलेल्या धर्मभगिनींविषयी एक संपूर्ण प्रकरण आहे. तेरेजांची शिस्त कडक, भाषाही कधी कठोर. तथापि हा गंभीर आजार आहे, हे त्या स्पष्ट सांगतात. अशा भगिनीला दीर्घ प्रार्थनेत एकटी ठेवू नये, कामात गुंतवावे, उपवास कमी करावेत, मासळी क्वचितच द्यावी, असा त्यांचा सल्ला. (मासळीपुरते किनाऱ्यावरील आमचे वाचक संत तेरेजांशी सहमत होणार नाहीत!)

आजार ओळखला, तरी हरपलेले स्मरण सरावाने परत आणता येते काय? या प्रश्नाची वाट निराळी आहे आणि ती आपल्या गोव्यावरून जाते. ओळखीच्या घराच्या खोल्या मनात आणाव्यात आणि लक्षात ठेवायची एकेक गोष्ट एकेका जागी मांडावी, ही युक्ती प्राचीन ग्रीक व रोमन वक्त्यांची. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्गुणाची चर्चा करताना स्मरणाचे नियम दिले आणि या कलेला ख्रिस्ती घरात स्थान मिळाले. १५७८ साली गोव्यात उतरलेले येशूसंघीय मातेओ रिची ती सोबत घेऊन पुढे चीनला गेले. १५९६ साली नानचांग येथे त्यांनी प्रांताधिपतीच्या मुलांसाठी चिनी भाषेत तिच्यावर पुस्तिका रचली. परीक्षेला बसणाऱ्या थोरल्या मुलाचा अभिप्राय मात्र मार्मिक होता: नियम खरे आहेत, पण ते वापरण्यासाठी आधीच उत्तम स्मरणशक्ती हवी. खिन्न मनाच्या माणसाची अडचण नेमकी हीच आहे.

विसाव्या शतकात वैद्यकशास्त्र या अडचणीकडे वळले. १९६१ साली लेस्ली किलो या मानसोपचारतज्ज्ञाने, वरून स्मृतिभ्रंश भासावा पण मुळात नैराश्यासारखा मनोविकार असावा, अशा रुग्णांविषयी लिहिले. १९८६ साली मार्क विल्यम्स व कीथ ब्रॉडबेंट यांनी आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या रुग्णांना एकेक शब्द देऊन त्यावरून एखादा विशिष्ट प्रसंग आठवावयास सांगितले. रुग्ण प्रसंगाऐवजी ढोबळ उत्तरे देत. समजा, शब्द 'आनंद' असेल, तर "पोळ्याला बरे वाटायचे" एवढेच उत्तर येई. कोणत्या वर्षीचा पोळा, बैलाच्या पाठीवर झूल कोणती, दारात कोण उभे होते, हे पुसून गेलेले. (हेच विल्यम्स अँग्लिकन पंथाचे दीक्षित धर्मगुरूही आहेत.)

पुढे बेल्जियममधील लूवेनच्या कॅथोलिक विद्यापीठातील फिलिप रास आणि सहकाऱ्यांनी विशिष्ट प्रसंग आठवण्याचा गटाने करावयाचा सराव बसविला. त्याचा पहिला वृत्तान्त २००९ साली प्रसिद्ध झाला. युद्धात वडील गमावलेल्या, इराणात आश्रयास आलेल्या अफगाण मुलामुलींना हाच सराव आठवड्यातून एकदा, असा पाच वेळा दिला गेला. काही महिन्यांनी त्यांची खिन्नता, सराव न मिळालेल्यांच्या मानाने, कमी आढळली. संख्या लहान होती, हे सांगितलेच पाहिजे. २०१३ सालीच केंब्रिजच्या टिम डॅलग्लिश यांच्या गटाने रिचींची जुनी कला नैराश्य भोगणाऱ्या व त्यातून सावरलेल्या लोकांना शिकविली. स्वतःच्या आयुष्यातील चांगले प्रसंग त्यांनी ओळखीच्या वाटेवर मांडले. आठवड्याने अचानक विचारले, तेव्हा केवळ घोकंपट्टी करणाऱ्यांपेक्षा त्यांची आठवण अधिक टिकली होती. नानचांगच्या त्या मुलाला हे उत्तर चारशे वर्षांनी मिळाले. संगणकावरील सरावाने अवधान काहीसे सुधारते, असेही पाहणीत दिसले आहे. पण ती सुधारणा रोजच्या व्यवहारात कितपत उतरते, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. आम्हांस ओळखीच्या वाटेचा अभ्यास अधिक भावतो. केनवडच्या माणसाला त्यासाठी महाल नको. घराची ओसरी, वेस, पार आणि शेताचा धुरा पुरे.

पण तेथवर पोहोचावयाचे, तर आधी माणसाने मदत मागितली पाहिजे. वऱ्हाडात याचा अनुभव आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. त्यात गावपातळीवरील कार्यकर्ते घरोघर बोलत, समुपदेशन करीत आणि गरजूंना डॉक्टरांकडे नेत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, नैराश्य असलेल्या १०० जणांत मदत घेणारे आधी सुमारे ४ होते. १८ महिन्यांनंतरच्या पाहणीत ते सुमारे २७ झाले. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्यात वाशीम होता, आणि आशा कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन मनाची विचारपूस करावी, अशी त्याची रचना होती. या उपक्रमांचा भर समुपदेशन व औषधोपचार यांवर होता. आठवणींचा सराव त्यांच्या जोडीला चालू शकतो, त्यांच्या ऐवजी नाही. पाच आठवडे, एक शिकविलेला कार्यकर्ता, वही-पेन्सिल आणि बसावयास सतरंजी, एवढ्यावर तो होतो. आमच्या धर्मग्रामांत याहून अधिक साहित्य सहज असते. शासनाची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून तेथे मराठीतून बोलता येते.