खंदक सरळ का नसतो?

इंग्लंडमध्ये लिचफील्डजवळ स्टॅफर्डशायर रेजिमेंटचं संग्रहालय आहे. त्याच्या आवारात पहिल्या महायुद्धातल्या खंदकाची प्रतिकृती बांधली आहे. शाळेची मुलं तिथे येतात. पुस्तकातला खंदक एका वाक्यात संपतो, इथे त्यातून चालावं लागतं.

चालताना आधी जाणवतो तो आकार. पश्चिम आघाडीवरचे लढाईचे खंदक सरळ नसत, थोड्या थोड्या अंतरावर वळत. सरळ खणायला श्रम कमी लागले असते. पण सरळ खंदकाच्या तोंडाशी शत्रू पोचला, तर तिथून तो पार दुसऱ्या टोकापर्यंत गोळ्या झाडू शकतो. आत तोफगोळा फुटला, तर तुकड्यांना अडवायला काही नसतं. वळणामुळे मधे मातीची भिंत येते आणि नुकसान एका कप्प्यापुरतं राहतं.

आता या वळणातून स्ट्रेचर न्यायचं आहे. दोन्ही बाजूंना भिंती, पायाखाली ओल्या फळ्या, समोरून येणारी माणसं. वाचवणारी भिंतच इथे जखमीची वाट अडवते.

या प्रतिकृतीला नाव आहे विल्यम कोल्टमन यांचं. धर्मश्रद्धेमुळे त्यांना माणूस मारणं मान्य नव्हतं. ते जखमींना वाहून आणायचं काम करत. ऑक्टोबर १९१८मध्ये, माघार घेताना काही जखमी मागे राहिल्याचं कळल्यावर ते एकटे पुढे गेले. बाजूने गोळीबार चालू होता. जखमा बांधून, तीन खेपा करून त्यांनी सोबत्यांना पाठीवरून सुरक्षित जागी आणलं. पुढे सलग ४८ तास जखमींची शुश्रूषा केली. त्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

प्रतिकृतीवर एक रास्त आक्षेप आहे. इथे तोफा नाहीत, उंदीर नाहीत, आणि जेवणाच्या वेळी मुलं बाहेर येतात. युद्धाची सहल होते. आवाज आणि वास सोडून भीती उभी करायला गेलं, तर भूतबंगल्याच्या पलीकडे फारसं काही हाती लागणार नाही. मग खऱ्या जागीच का नेऊ नये? फ्रान्समध्ये व्हिमी इथले खंदक जपले आहेत, पण त्यातली वाळूची पोती आता काँक्रीटची आहेत. आसपासच्या बऱ्याच जमिनीवर पाऊल ठेवायला मनाई आहे, कारण खाली न फुटलेला दारूगोळा आहे. तिथे फावडं कोण चालवू देणार?

म्हणून प्रतिकृतीने भीतीची नक्कल करू नये, मापं तेवढी खरी ठेवावीत आणि मुलांना काम द्यावं. पोती भरू द्यावीत. वाळू भरलेलं स्ट्रेचर वळणावरून नेऊ द्यावं. ते कोपऱ्यात अडकलं की मुलं आपसूक विचारतील, ही भिंत इथे कशाला? उत्तर ऐकल्यावर पुढचा प्रश्नही येईल: मग यात जखमी माणूस असता तर?

इतिहासाच्या तासाला एवढे दोन प्रश्न पुरेत.